श्रावणात कागदकाम: पाच मैत्रिणी, चार दिवस आणि न वाळणारी खळ

कागदाची_होडी

नमस्कार मंडळी,

ऐन श्रावणात आम्ही पाच मैत्रिणी कुडाळपासून थोड्या आत असलेल्या एका वाडीत, आमच्यातल्याच एकीच्या माहेरच्या घरी, चार दिवस केवळ कागदकाम करण्यासाठी राहून आलो. अशा राहण्याला हल्ली रिट्रीट म्हणतात. मैत्रिणीच्या आईंना, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकूंना, तो शब्द सांगून पाहिला, तेव्हा 'कागदच चिकटवायचे तर ते पुण्यात चिकटत नाहीत काय' असे त्यांनी विचारले होते. कोकणातल्या पावसात कागद हवे तिथे चिकटत नाहीत आणि नको तिथे हमखास चिकटतात, हे आम्हांला दुसऱ्याच दिवशी कळले. या धाग्याचे निमित्त तेच आहे.

प्रत्येकीने एक घडीची पुस्तिका करायची, असे ठरले होते. पंख्यासारखी उलगडणारी, पोस्टकार्डापेक्षा जरा मोठ्या आठ पानांची आणि प्रत्येक पान मिश्र माध्यमातले. म्हणजे तळाला पुठ्ठा, त्यावर हातकागदाचा थर, त्यावर जुन्या लग्नपत्रिका, एसटीची तिकिटे, दिनदर्शिकेची पाने, खणाचे आणि इरकली काठांचे तुकडे, मग रंग, शाई, झाडपाल्याचे ठसे आणि सर्वांत शेवटी सुईदोऱ्याचे टाके. हातकागद पुण्याच्या हातकागद संस्थेतून आधीच आणून ठेवला होता. ही संस्था १९४० सालापासून सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करत आली आहे. कापसाचा तंतू लांब आणि चिवट असल्यामुळे हा कागद भिजला तरी चटकन हार मानत नाही, आणि थरांवर थर चढवायचे असतील तर तो गुण फार मोलाचा ठरतो.

पाचही जणींनी आपापल्या पिशव्या माजघरात एका सतरंजीवर उलट्या केल्या आणि कुणाचे काय हा हिशेब पहिल्या तासातच संपला. एकीच्या लग्नपत्रिकेतला गणपती दुसरीच्या पुस्तिकेत जाऊन बसला आणि मी जपून आणलेला जांभळ्या खणाचा तुकडा तिघींत वाटला गेला. घरी एकटीने काम करताना मी एकेका तुकड्यासाठी अर्धा अर्धा तास घालवते. येथे 'अगं, लाव ना' असे कुणीतरी म्हणे आणि तो लागून जाई.

खळ पहिल्या दिवशी मैद्याची केली. एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवला, एकूण पाच वाट्या पाणी होईल असे घालत गेलो आणि दुधी रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागेपर्यंत मंद आचेवर ढवळली. पहिल्या दिवशीचे काम सुरेख झाले. रात्री आठच्या सुमाराला पाच जणींची मिळून एकवीस पाने पडवीत बाकावर मांडून आम्ही समाधानाने जेवायला बसलो.

सकाळी पाहिले तर पुठ्ठे भाजलेल्या पापडासारखे वळले होते. खळ वाळलेली नव्हतीच, उलट तिला आंबूस वास येत होता. पावसाची झड आत येईल म्हणून रात्री कुणीतरी, आणि ती व्यक्ती मीच होते, सगळी पाने एकावर एक रचून ठेवली होती. त्यांतल्या ज्या पानांवर अ‍ॅक्रिलिक रंग होता ती एकमेकांना अशी बिलगली की सोडवताना वरचा थर पापुद्र्यासारखा निघून आला. माझ्या पुस्तिकेतल्या निळ्या आकाशाचा निम्मा भाग आता नागपूरच्या मैत्रिणीच्या मोराच्या पोटावर आहे.

त्यावर आम्ही काढलेला उपाय मूळ दुखण्याहून वाईट निघाला. काकूंच्या स्वयंपाकघरात अजून चूल आहे आणि चुलीच्या वर माळा आहे, जिथे पावसाळ्यात खोबरे आणि बियाणे कोरडे राहते. आम्ही पाने तिथे नेऊन ठेवली. ती खरोखरच वाळली. मात्र संध्याकाळी खाली काढली तेव्हा हातकागदाचा पांढरा रंग फिक्या चहासारखा झाला होता आणि प्रत्येक पानाला धुराचा असा वास लागला होता की आजही माझे कपाट उघडले की घावणे आठवतात.

तिसऱ्या दिवशी पाऊस थोडा उघडला म्हणून जवळच्या पिंगुळीला चित्रकथी पाहायला गेलो. ठाकर समाजातल्या कलावंतांनी जपलेली ही कला आहे, आणि तिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग कागदावर रंगवायचा आणि ती पाने क्रमाने दाखवत कथा गायची, अशी ती रीत. पानांच्या एका संचाला पोथी म्हणतात. आम्ही गेलो होतो रंग आणि आकृत्या पाहायला, पण माझी नजर गेली ती पानाच्या कडेवर. प्रत्येक पान म्हणजे पाठीला पाठ लावून चिकटवलेली दोन चित्रे होती, आणि पान सरळ होते. पिढ्यान् पिढ्या कोकणातला पाऊस झेललेल्या कलेतले पान सरळ, आणि माझे एका रात्रीत पापड! परतीच्या वाटेवर आम्ही दुसरे काहीच बोललो नाही. घरी आल्यावर उरलेल्या पुठ्ठ्यांच्या मागच्या बाजूलाही तसाच हातकागद लावून पाहिला. ते पुठ्ठे वळले नाहीत. असे का होते, ते येथील जाणकारांनी नीट समजावून सांगावे, ही पहिली विनंती.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. आमच्या मुंबईच्या मैत्रिणीने तिच्या आजोबांच्या घरातली, लाल खारव्यात गुंडाळलेली एक चोपडी आणली होती. आतले लिखाण मोडीत आहे. आम्हां पाचांपैकी एकीलाही मोडीतले अक्षर लागत नाही, परंतु पानभर न तुटता धावणारी ती ओळ दिसायला इतकी देखणी आहे की पानाची पार्श्वभूमी म्हणून तिच्यापुढे दुसरे काही सुचू नये. मैत्रिणीचे म्हणणे असे होते की चोपडीला कसर लागलीच आहे, घरात कुणी वाचणार नाही, तेव्हा पाचही जणींच्या पुस्तिकांत तिची दोन दोन पाने गेली तर तेवढी तरी टिकतील. दोघींना ते पटले, दोघींना पटले नाही आणि मी कात्री हातात घेऊन मध्ये बसले. शेवटी त्या दिवशी काही कापले नाही. पण प्रश्न सुटलेला नाही, म्हणून आपले मत हवे आहे. एका पानाचे छायाचित्र सोबत जोडत आहे.

तळकोकणी

ताई, धागा वाचून हसूही आले आणि वाईटही वाटले. श्रावणात आमच्याकडे पापड कुणी घालत नाही, तिथे तुम्ही खळ घातलीत! या दिवसांत हवेत ओलावा इतका असतो की मीठ वाटीत पाणी सोडते, आणि मैद्यासारख्या पौष्टिक वस्तूवर दोन दिवसांत बुरा येतो. तुमच्या काकूंनी चिंचोक्याची खळ सुचवली नाही, याचे नवल वाटले.

चिंचोके मंद भाजून त्यांचे तांबूस टरफल काढायचे, आतला पांढरा गर दळून आणायचा आणि ती भुकटी पाण्यात शिजवायची. आम्ही साधारण शंभर ग्रॅम भुकटीला एक लिटर पाणी घेतो. सावंतवाडीच्या गंजिफांच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांच्या, गोल पानांना तळाचा लेप देतानाही चिंचोक्याचीच खळ वापरण्याची परंपरा आहे. त्यावर रंगकाम आणि वरून लाखेचा हात. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पाने असतात, आणि खेळताना ती हातात घासून फिरायची असतात, तेव्हा त्यांचा तळ किती घट्ट असावा लागत असेल याचा अंदाज करा. ही कला जवळजवळ संपत आली असता १९७०च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चित्रकारांना बसवून ती पुन्हा उभी केली. तुम्ही पिंगुळीपर्यंत गेलाच होता तर तेही पाहून यायला हवे होते.

माळ्याबद्दल मात्र काकूंची बाजू घेतो. तो माळा नारळासाठी आहे, कलेसाठी नाही.

सुटसुटीत

एक प्रामाणिक शंका. दुकानात तयार गोंद मिळतो, नक्षीचे कागद मिळतात आणि केस वाळवण्याचे यंत्र तर प्रत्येकीच्या घरी असते. ते सोबत नेले असते तर पाने दहा मिनिटांत वाळली असती आणि चार दिवस कामाला मिळाले असते. चिंचोके भाजण्यात रस असेल तर गोष्ट निराळी.

बांधणीकार

पुस्तकबांधणीच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

कागद हा तंतूंचा बनलेला असतो आणि तंतू ओला झाला की तो लांबीत जवळजवळ वाढत नाही, जाडीत फुगतो. गिरणीच्या कागदात बहुतेक तंतू यंत्राच्या धावेच्या दिशेने झोपलेले असतात. त्यामुळे असा कागद ओला झाला की तो तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने आक्रसतो. तुम्ही पुठ्ठ्याच्या एका बाजूला खळ लावून पसरलेला ओला कागद चिकटवला, तो वाळताना आखडला, सोबत पुठ्ठ्याला ओढून घेऊन गेला आणि पापड तयार झाला. मागच्या बाजूला तसाच कागद, तशीच खळ आणि तीच तंतूंची दिशा ठेवून लावला की दोन्हीकडून सारखी ओढ बसते आणि पुठ्ठा सरळ राहतो. आमच्याकडे पुठ्ठ्यावर बाहेरून कापड चढवले की आतून अस्तराचा कागद लावतात तो केवळ शोभेसाठी नसतो. पिंगुळीच्या पानांत पाठीला पाठ लावण्याचे पहिले कारण दोन्ही बाजूंनी चित्र मिळावे, पान ताठ व्हावे, हे असेल. पण ती सरळ राहण्यामागे हीच समसमान ओढ आहे, असे मला वाटते. हे तुम्ही पाहून ओळखलेत याबद्दल शाबासकी.

तंतूंची दिशा ओळखायची सोपी खूण अशी की वर्तमानपत्र उभे फाडले तर सरळ रेषेत फाटते आणि आडवे फाडले तर वेडेवाकडे जाते. तंतू उभे असतात म्हणून असे होते. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, काहीही वापरायचे असेल तर आधी कोपरा फाडून पाहावे. हातकागदात तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असल्याने तो जवळपास सारखाच पसरतो, पण पसरतो हे विसरू नये. खळ लावल्यावर लगेच न चिकटवता कागदाला तीन-चार मिनिटे पडून राहू द्यावे. त्याला जेवढे पसरायचे असेल तेवढे तो पुठ्ठ्याबाहेरच पसरून घेतो आणि नंतर सुरकुत्या पडत नाहीत. आमच्याकडे शिकायला येणारी मुले नेमकी येथेच घाई करतात.

आता वाळवण्याविषयी, आणि सुटसुटीत साहेबांनी सुचवलेल्या यंत्राविषयीही. गरम हवा वरचा थर वाळवते. आतली खळ ओलीच राहते, आणि एक बाजू आधी आखडल्याने वळणे वाढते. त्यापेक्षा प्रत्येक पान दोन टीपकागदांमध्ये ठेवावे, वर सपाट फळी आणि फळीवर वजन द्यावे, पहिल्या तासात दोनदा आणि पुढे दर काही तासांनी टीपकागद बदलावेत. टीपकागद नसतील तर धुतलेले सुती कापड किंवा न छापलेला वृत्तपत्राचा कागद चालतो. आमच्याकडे शिकंजा असतो, तुमच्याकडे काकूंचा पाटा असेल. कोकणातल्या पावसात एका पानाला दोन दिवस लागतील हे गृहीत धरावे. रंग चढवलेली पाने दाबायची असतील तर मध्ये बटर पेपर घालावा, कारण अ‍ॅक्रिलिकचा थर हाताला कोरडा लागला तरी दमट हवेत आणि दाबाखाली तो मऊ पडतो आणि दुसऱ्या थराला धरतो. तुमचे आकाश असेच गेले.

राहिली खळ. मैद्यात पिठूळ भागाबरोबर ग्लुटेन हा चिवट भागही असतो. तो लवकर आंबतो, पिवळा पडतो आणि कसरीला आवडतो. आपल्या घरांत कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून जो चीक काढतात, त्यात हा भाग बराच निघून जातो. तो चीक मीठ-हिंग न घालता शिजवला, गाळला आणि थंड झाल्यावर पुन्हा घोटला की उत्तम खळ मिळते, आणि मैद्यापेक्षा ती पांढरीही राहते. लागेल तेवढीच करावी, उरली तर फेकून द्यावी.

कुणी मोरचूद घालण्याचा सल्ला देईल, कारण आमच्या धंद्यात तो पूर्वापार आहे. कीड लागत नाही हे खरे, पण मोरचूद विषारी आहे; स्वयंपाकाच्या भांड्यात तो कधीही जाऊ देऊ नये. शिवाय त्यातले तांबे कागदाच्या तंतूंना सावकाश खाते. जुन्या चित्रांत हिरव्या रंगाखालचा कागद जळल्यासारखा तपकिरी होऊन तुकडे पडलेला दिसतो, तो तांब्यापासून केलेल्या जंगाल रंगाचा प्रताप. खातेवह्यांना मी स्वतः वर्षानुवर्षे मोरचुदाची खळ लावली आहे, म्हणूनच सांगतो की जपून ठेवायच्या कामाला ती लावू नये.

संत्र्याची_साल

मी त्या पाच जणींतली नागपूरची, जिच्या मोराच्या पोटावर आकाश आहे. होडीताईंनी बरेच सांगितले, परंतु परातीची गोष्ट सोयीस्करपणे वगळली, म्हणून ती येथे नोंदवणे भाग आहे.

दुसऱ्या दिवशी सगळी पाने फसल्यावर रडत बसण्यापेक्षा अब्री करून पाहू, असे मी सुचवले. अब्र म्हणजे ढग. दाटसर पाण्यावर रंग तरंगवून, त्यांत काडीने रेषा ओढून, वरून कागद टेकवून ती नक्षी उचलायची. सतराव्या शतकात दख्खनमध्ये, विशेषतः विजापूरकडे, या कागदातूनच घोडे आणि स्वार यांची चित्रे साकारली गेली, म्हणजे मिश्र माध्यम आपल्याकडे काही काल आलेले नाही. आम्ही रात्री वाटीभर मेथीदाणे भिजत घातले, सकाळी उकळले आणि फडक्यातून गाळून तो बुळबुळीत काढा काकूंच्या पितळी परातीत ओतला. कागदाला आधी तुरटीचे पाणी लावून वाळवून घ्यावे लागते, नाहीतर रंग धरत नाही. त्या हवेत तुरटीचे पाणी वाळायलाच दुपार झाली.

पहिले चार कागद वाया गेले, कारण रंग तरंगण्याऐवजी दगडासारखा तळाशी गेला. मग रंग आणखी पातळ केला आणि त्यात रिठ्याच्या पाण्याचे दोन-तीन थेंब घातले. त्याबरोबर पुढचा थेंब पाण्यावर पडताच वाटीच्या तोंडाएवढा पसरला आणि आम्ही पाचही जणी एकदम गप्प झालो. त्यानंतर तासभर परातीजवळची जागा सोडायला कुणी तयार नव्हते. वीस कागदांपैकी सहाच धड निघाले, पण माझ्या मते चार दिवसांतले सर्वांत चांगले काम ते सहा कागदच. खरवडून निघालेल्या पानांवर आम्ही तेच लावले.

परात घासायला मला एकटीलाच बसवले होते, हेही वाचकांना कळावे. मेथीचा वास तिला दोन दिवस होता.

आणि चोपडीच्या बाबतीत मी कापू नये म्हणणाऱ्यांत होते.

मोडीवाचक

चोपडीचे छायाचित्र मोठे करून पाहिले. कृपया कात्री लांब ठेवावी.

पानाच्या माथ्यावर 'श्री' आहे आणि त्याखाली शके १८३८ असे वाचता येते. शकात ७८ मिळवले म्हणजे इसवी सन १९१६-१७. डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च अशी मांडणी असून रकमा रुपये, आणे आणि पै यांत आहेत. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा असल्याने बेरजा करताना आजच्या दशमान पद्धतीने जाऊ नये. खर्चाच्या बाजूला नळ्यांसाठी चार रुपये सहा आणे दिल्याची नोंद आहे. कोकणातले वाचक असल्याने नळे म्हणजे छपराचे, हे वेगळे सांगायला नको. त्याखालच्या ओळीत भाताचे माप आहे, पण अंधुक असल्याने या छायाचित्रावरून खात्रीने लागत नाही.

ही काही पेशवे दप्तरातली सनद नाही, एका घराचा रोजचा हिशेब आहे. पण कोणत्या वर्षी भात काय भावाने गेले, कौले कुणाकडून घेतली, मजुरी किती दिली, हे दुसरीकडे कुठे लिहिलेले नसते. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशा कागदपत्रांचे काम करत आहे आणि मोडी वाचू शकणारी हौशी माणसे आज बहुतेक शहरांत सापडतात. आधी प्रत्येक पानाचे सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता छायाचित्र काढावे. कोरी पाने असतील तर तीसुद्धा सोडू नयेत, कारण त्या काळच्या विलायती कागदात कधी कधी जलचिन्ह असते आणि त्यात साल आढळते. पान उजेडासमोर धरले की ते दिसते.

कलेला अक्षर हवे असेल तर त्या छायाचित्रांच्या लेझर प्रती काढून त्या खुशाल कापाव्यात. आपली मोडी बहुधा काजळीच्या शाईत लिहिलेली असते आणि तिच्यावर ओली खळ फिरली की ती पसरू शकते, हे व्यावहारिक कारणही लक्षात घ्यावे. म्हणजे मूळ पान चिकटवले असते तर ते पानही गेले असते आणि अक्षरही.

पलीकडचा_बर्फ

मिशिगनहून एक उलटा अनुभव. आमच्या मंडळातल्या सात-आठ जणी दर हिवाळ्यात एका शनिवार-रविवारी कुणाच्या तरी तळघरात जमून असेच काम करतो. घरात तापवलेली हवा इतकी कोरडी असते की खळ लावून वळेपर्यंत कडा वाळलेल्या असतात आणि पुठ्ठा अर्ध्या तासात वळतो. आम्ही कागदावर आधी पाण्याचा हलका फवारा मारतो आणि वाळवताना वरून प्लास्टिक झाकतो, म्हणजे ओल सावकाश जाते. बांधणीकार काकांनी सांगितलेली समसमान ओढ मात्र इथेही तशीच लागू पडते. आम्ही ती चुका करून करून शिकलो. कुरडयांच्या चिकाची खळ हे कुणालाच सुचले नव्हते. येत्या जानेवारीत करून पाहीन.

सुटसुटीत

बांधणीकार काका, यंत्राबद्दलचे माझे विधान मागे घेतो. तयार गोंदाबद्दलचे मात्र मागे घेत नाही. खणाचे जाड तुकडे आणि मणी खळीने धरतील, असे मला वाटत नाही.

बांधणीकार

तेथे तुमचे बरोबर आहे. कागदाला कागद लावायला खळ, आणि कापड, लाकूड, मणी यांना पांढरा गोंद, असेच आम्हीही करतो. दोन्ही थोडे थोडे मिसळूनही वापरतात. फक्त एक लक्षात ठेवावे की खळ पुन्हा ओली करून सोडवता येते आणि गोंद एकदा वाळला की सोडवता येत नाही. म्हणून जे पान कधीतरी पुन्हा काढावेसे वाटेल त्याला गोंद लावू नये.

कागदाची_होडी

सर्वांचे मनापासून आभार. थोडा उशीर झाला, कारण सांगण्यासारखे काही हाती लागेपर्यंत थांबले होते.

मोडीवाचक दादा, आपला प्रतिसाद मुंबईच्या मैत्रिणीला जसाच्या तसा पाठवला. दोन दिवस तिचे काही उत्तर आले नाही. मग रात्री साडेअकराला दूरध्वनी आला की नळ्यांचे चार रुपये सहा आणे दिले ते घर तिने पाहिलेले आहे. लहानपणी मे महिन्यात तिथे जायची आणि पावसाआधी कौले परतताना आजोबा खाली उभे राहून ओरडत असत. शके १८३८ मध्ये मात्र आजोबांचा जन्म झालेला नव्हता, तेव्हा हे अक्षर पणजोबांचे असणार, आणि पणजोबांचे तिच्याकडे दुसरे काहीच नाही, साधे छायाचित्रही नाही. गेल्या रविवारी तिने खिडकीजवळ पांढरी चादर अंथरून चोपडीच्या सर्व, म्हणजे १४४ पानांची छायाचित्रे काढली. शेवटची अकरा पाने कोरी आहेत. त्यांतल्या एका पानात उजेडाला धरल्यावर मुकुटासारखी आकृती दिसते आणि खाली आकडे आहेत, पण ते घडीवर आल्याने अजून लागलेले नाहीत. ते छायाचित्र आपल्याला पाठवते.

मूळ चोपडी पुन्हा खारव्यात गेली. आम्हां चौघींना तिने लेझर प्रती पाठवल्या आहेत, प्रत्येकीला दोन, आणि नळ्यांचे पान तिने स्वतःकडे ठेवले. प्रती साध्या पांढऱ्या कागदावर असल्याने फार कोऱ्या दिसत होत्या, म्हणून मी एक प्रत चहाच्या पाण्यात बुडवून पाहिली. लेझरची शाई जरासुद्धा हलली नाही आणि कागदाचा रंग बरोबर त्या माळ्यावरून काढलेल्या पानांसारखा आला. आता ती धुरकट पाने आणि या प्रती शेजारी शेजारी लावल्या आहेत आणि त्यांत फरक कळत नाही. वास घेतला तर कळतो.

बांधणीकार काका, पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कागद, चार मिनिटे थांबणे आणि पाट्याखाली दोन दिवस, हे सगळे पुण्यात करून पाहिले. आठपैकी सात पाने सपाट आहेत. आठव्या पानावर खणाचा तुकडा पुढच्या बाजूलाच आहे आणि मागे त्याच्या जोडीला काही नाही, म्हणून ते एका कोपऱ्यात उचलले गेले आहे. मागे काय लावावे ते सुचवा. जांभळा खण आता शिल्लक नाही.

काकूंचा निरोप असा आहे की पुढच्या खेपेला श्रावणात यायचे नाही, दिवाळीनंतर यायचे. चिंचा फोडताना निघालेले चिंचोके त्यांनी राखून ठेवले आहेत, टरफल काढायला मात्र आम्हीच बसायचे आहे, आणि परात दुसरी आणायची आहे.

संत्र्याची_साल

परात मी आणते. घासायला यावेळी होडीताई बसतील, याची येथे सर्वांसमक्ष नोंद व्हावी.